सर्वांची नावे लिहिणारा पेंटर

आपल्या समाजाचा इतिहास कुठे वाचावा असे कोणी विचारले, तर आपण चटकन ग्रंथांची नावे सांगतो. ग्रंथ हवेतच. परंतु मुंबईच्या कामगार वस्त्यांत संसार केलेल्या बौद्ध कुटुंबांचा बराचसा इतिहास अजून ग्रंथांत आलेला नाही. तो चाळीच्या भिंतीवर, विहाराच्या पाटीवर, जयंतीच्या कापडी फलकावर रंगाने लिहिला गेला. आता त्या भिंती एकामागून एक पाडल्या जात आहेत. म्हणून वरळीच्या बी.डी.डी. चाळीत पन्नास वर्षे ब्रश चालवणाऱ्या एका पेंटरची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

सारी चाळ त्यांना पेंटरकाका म्हणते. आम्ही भेटीला गेलो तेव्हा त्यांनी पहिल्याच वाक्यात अट घातली. “नाव छापायचं नाही. कामाचं काय लिहायचं ते लिहा.” ही अट आम्ही पाळली आहे. ती आम्हाला पटली की नाही, ते पुढे येईलच.

एकशे साठ चौरस फुटांत

बी.डी.डी. चाळी इंग्रजी अमदानीत, १९२० नंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळातील ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ या खात्याने त्या बांधल्या आणि खात्याचेच नाव चाळींना चिकटले. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे आणि संडास सार्वजनिक.

एवढ्या जागेत आठ-दहा माणसे राहत. गावाहून आलेला पाहुणा, नोकरी शोधणारा भाचा, बाळंतपणासाठी आलेली लेक, सर्वांची सोय तिथेच लागे. खोली पुरत नसे म्हणून पॅसेज, जिना, गच्ची आणि दोन चाळींमधली मोकळी जागा हीच कुटुंबाची बैठक होई. मुलांचा अभ्यास पॅसेजच्या दिव्याखाली चाले. लग्नाचा मांडव मोकळ्या जागेत पडे. बौद्धजन पंचायतीच्या शाखेची बैठक, गावमंडळाची वर्गणी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, सारे काही तिथेच.

अशा घरांत देव्हाऱ्याची एक जागा असे. पेंटरकाकांचे आईवडील रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखोंच्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, त्या समुदायात हे दोघे होते. काका तेव्हा तीन वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. त्यांना स्वतःला त्यातले काही आठवत नाही. आठवते ते त्यानंतरचे. देव्हाऱ्यातले देव गेले आणि ती जागा मोकळी राहिली. तिथे काय लावावे यावर आईवडिलांत बरेच दिवस बोलणे चाले. अखेर वडिलांनी छापील चित्र आणले, एका बाजूला भगवान बुद्ध आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. काका म्हणतात, “आमच्या घरातलं ते पहिलं चित्र. मी पाटीवर तेच काढून बघायचो. पाटी पुसायला मन व्हायचं नाही.”

रिंग खाते आणि मांजरपाट

वडील गिरणीत कामाला होते, रिंग खात्यात. कापड विणण्याच्या साचा खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना पूर्वापार मज्जाव. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ होई, हे त्याचे कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला होता. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांनी आपल्याच खात्यातली अस्पृश्यता आधी मोडावी, असा त्यांचा आग्रह होता.

ज्या कापडाच्या मागाला वडिलांना हात लावू दिला जात नसे, त्याच मांजरपाटावर मुलाने पुढे हजारो फलक रंगवले. शाळेत असताना त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या. पुढे शिकायला पैसा नव्हता. लालबागच्या एका बोर्ड रंगवणाऱ्या दुकानात ते उमेदवारीला लागले. पहिले वर्षभर डबे धुणे, ब्रश घासलेटात स्वच्छ करणे आणि दुसऱ्याने आखलेल्या अक्षरांत रंग भरणे एवढेच काम. अक्षराला हात लावायची परवानगी दुसऱ्या वर्षी मिळाली.

१९७४ ची जयंती

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावर हल्ला झाला आणि त्यात भागवत जाधव शहीद झाले. वरळीतल्या ज्या कुटुंबांनी ते दिवस काढले त्यांना जास्त सांगायला नको. एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड, सोड्याच्या बाटल्या, आणि मध्ये पोलीस. काकांच्या आईने खिडकीला पत्र्याचा डबा कापून लावला होता. तो पत्रा पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला.

तीन महिन्यांवर जयंती आली. यंदा साधेपणाने करावी, वातावरण बरे नाही, असे काही वडीलधाऱ्यांचे मत होते. तरुणांचे म्हणणे की यंदाच मोठी करायची. शेवटी ठरले ते असे, की मिरवणूक बेताची काढावी, पण चाळीच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचे मोठे चित्र असावे. कापडाचा फलक चार दिवसांनी उतरतो, भिंत उतरत नाही. चित्र काढायला सांगितले एकवीस वर्षांच्या या उमेदवाराला.

काम कसे झाले, ते काकांनी आम्हाला बारकाईने सांगितले. आधी भिंतीचे पोपडे खरवडले. भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मग निळीत भिजवलेल्या दोरीने सूत मारून बारा फूट उंच आणि आठ फूट रुंद जागेत एकेक फुटाच्या चौकटी पाडल्या. हातात बाबासाहेबांचे छापील चित्र, त्यावर पेन्सिलीने तेवढ्याच चौकटी. या चौकटीत जेवढे दिसते तेवढेच त्या चौकटीत काढायचे. शिडी चाळीतल्या मुलांनी धरली. दिवसा दुकान, म्हणून काम रात्री गॅसबत्तीच्या उजेडात. चष्म्याची काच सर्वांत अवघड, कारण काच दिसली पाहिजे आणि मागचा डोळाही झाकला जाता कामा नये. अकरा रात्री लागल्या.

“पहिल्या दिवशी माणसं लांबूनच बघत होती,” काका म्हणाले. “मग एकेक जण जवळ येऊन भिंतीला हात लावायला लागला. ओला रंग होता. माझा कोट खराब झाला, बाबांचा.” एवढे सांगून ते हसले.

आजीचा शेरा

चित्र पूर्ण झाले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक वृद्ध माता काठी टेकत खाली आली. तिने बाबासाहेबांना सभेत डोळ्यांनी पाहिले होते. बराच वेळ उभी राहून ती म्हणाली, “पोरा, सायबांना तू रागावलेलं काढलंस. मला ते रागावलेले दिसले नव्हते. काळजीत दिसले होते.”

तरुण मंडळी वाद घालू लागली. दंगलीनंतरची जयंती, बाबासाहेब करारीच दिसले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. काकांनी मात्र त्या रात्री पुन्हा शिडी लावली. भुवया थोड्या सैल केल्या आणि ओठांच्या कडेची रेघ मऊ केली. दुसऱ्या दिवशी आजी परत आली. काही बोलली नाही, फक्त हात जोडून वर गेली.

त्यानंतर काकांनी एक रीत ठेवली. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पावसाने खराब झालेल्या चित्रावर नवा हात मारायचा आणि चाळीतल्या वृद्ध माणसांना बोलावून विचारायचे. कोणी कोटाच्या खिशातले पेन सांगितले, कोणी बगलेतले पुस्तक. विहारासाठी त्यांनी माता रमाईचे चित्र काढले, तेव्हा तर चाळीतल्या बायकांनीच ते पूर्ण करून घेतले. रमाईची छायाचित्रे मोजकी. चेहरा त्यांवरून उतरवता आला, पण हात कसे काढावेत? काकांनी आपल्या आईला समोर बसवले आणि तिचे हात काढले. शेण थापून, भांडी घासून बोटांची पेरे जाड झालेले ते हात पाहून बायका म्हणाल्या, हे बरोबर आहे.

मोठ्या कलादालनांत चित्राची पारख जाणकार करतात. आमच्या वस्तीत ती काम अ‍र्पुरे टाकून खाली आलेल्या आयाबायांनी केली, आणि चित्रकाराने ती मानली. यामुळेच त्या भिंतीवरच्या चित्राला चाळीने कधी ‘पेंटरचे चित्र’ म्हटले नाही. ‘आपले बाबा’ म्हटले.

‘धोंड्या’चे ‘आयु. धोंडिराम’

भिंतीवरच्या चित्राइतकेच मोलाचे वाटले ते काकांचे दुसरे काम. चाळीच्या तळमजल्यावर विहार झाले तेव्हा देणगीदारांचा फलक करायचे ठरले. कोणी पाच रुपये दिले होते, कोणी अकरा. एका विधवा भगिनीने कागदी पिशव्या चिकटवून साठवलेले दोन रुपये दिले होते. कार्यकर्त्यांपैकी एकाचे म्हणणे पडले की पंचवीसच्या वरची नावे लिहावीत, बाकीच्यांची जागा होणार नाही. काकांनी सांगितले, “जागा मी करतो. अक्षर बारीक काढीन, पण नाव सगळ्यांचं.”

आपल्या मागच्या पिढीची नावे आठवा. गावाने ती धड उच्चारली नाहीत. धोंड्या, कचऱ्या, दगड्या अशी ती हाकारली गेली. गिरणीच्या पगारपत्रकावरही कित्येकांचे नाव तसेच चढले. विहाराच्या फलकावर काकांनी काळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरात लिहिले, ‘आयु. धोंडिराम’. पुढे वडिलांचे नाव, पुढे आडनाव, पुढे गावाचे नाव. जे वाचू शकत नव्हते त्यांनी नातवंडांना घेऊन येऊन आपले नाव कुठे आहे ते विचारून घेतले आणि त्यावर बोट ठेवले. एका गृहस्थाने आम्हाला सांगितले की आपल्या वडिलांचे पूर्ण नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या फलकावर वाचले.

मंडळांचे फलक, वाचनालयाची पाटी, बुद्ध पौर्णिमेचे निमंत्रण, गायन पार्ट्यांचे कापडी फलक, मोर्चाच्या घोषणा, सर्व अक्षरे याच हाताची. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची नावे वस्तीवस्तीत पोचली ती अशाच पेंटरांच्या अक्षरांतून. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे आपण रस्त्यावर होतो. त्या सोळा वर्षांत आपण किती मांजरपाट रंगवला, त्याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

काकूंचा वाटा

फलकाचे कापड तसेच रंगवता येत नाही, रंग फुटतो. त्याला आधी खळ द्यावी लागते. मैद्याची खळ शिजवायची, गाळायची, कापडावर सारखी पसरायची आणि वाळवायची. हे काम काकूंचे. दोन पट्ट्या जोडायच्या तर शिवणही त्यांचीच. खोलीत कापड मावत नसे म्हणून रात्री साडेदहानंतर, रहदारी थांबली की, फलक पॅसेजमध्ये पसरायचे. रात्रपाळीला जाणारा कामगार चपला हातात घेऊन भिंतीकडेने निघून जाई. रंगावर पाय दिल्याबद्दल चाळीत कधी भांडण झाल्याचे काकूंना आठवत नाही.

“वासाने डोकं उठायचं,” काकू म्हणाल्या. “टर्पेंटाईन, घासलेट, रंग, आणि त्यातच स्टोव्हवर भात. पण आमच्या दोन्ही मुली अक्षरं त्या फलकांवरच शिकल्या. हे ‘बाबासाहेबां’तलं ‘बा’ आणि हे ‘बुद्धा’तलं ‘बु’, असं दाखवत मी त्यांना झोपवायची.” मोठी मुलगी आज शिक्षिका आहे. या कामाचे पैसे किती मिळत असे आम्ही विचारले, तेव्हा नवराबायको एकमेकांकडे पाहू लागली. मंडळाकडून रंगाचे पैसे घेत, मजुरी घेत नसत. पोट भरे ते दुकानांच्या पाट्यांवर आणि सिनेमाच्या बोर्डांवर.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या आठवड्यात या चाळीतली मुले चित्राखाली सतरंज्या टाकून झोपली. काकू रात्री त्यांना चहा करून पाठवत. चित्रासाठी एवढे कशाला, असे परका माणूस म्हणेल. ज्यांना गावात पाणवठा, देऊळ, चावडी यांतले काहीच आपले म्हणता आले नाही, त्यांनी शहरात येऊन आपली म्हणावी अशी जी थोडी जागा मिळवली, तिची खूण ते चित्र होते.

भिंत जाते आहे

२००० नंतर फ्लेक्स आले. तासाभरात छापून मिळणारा, चमकणारा, त्यावर पुढाऱ्यांचे दहा चेहरे. कापडी फलक बंद झाले, बोर्डाची दुकाने मिटली. काकांचा राग फ्लेक्सवर नाही. “स्वस्त आहे, पोरांना परवडतो,” ते म्हणतात. “फक्त त्यात बाबा लहान होत चालले आणि बाकीचे मोठे.”

आता चाळीच जात आहेत. बी.डी.डी. पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतील ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना हक्काचे मोठे घर, घरात संडास, घरात नळ मिळतो आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. गैरसोयीचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या माउलीने पहाटे चारला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहून आयुष्य काढले, तिला चाळ सुटल्याचे दुःख का व्हावे?

परंतु घराबरोबर पॅसेज मिळत नाही आणि चाळीची दर्शनी भिंतही मिळत नाही. लिफ्टने चाळीसाव्या मजल्यावर जाणाऱ्या मुलाला आपल्या आजोबांचे नाव कुठल्या फलकावर दिसणार? चाळ रिकामी करायची वेळ आली, तेव्हा काकांच्या मंडळातल्या तरुण मुलामुलींनी हाच प्रश्न बैठकीत घातला आणि काम वाटून घेतले. देणगीदारांचा फलक उतरवून एका सभासदाच्या घरी जपून ठेवला. भिंतीवरच्या चित्राची छायाचित्रे घेतली. मग जुन्या पद्धतीने सूत मारून चौकटी पाडल्या आणि एकेक चौकट ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली. नव्या जागेत विहाराला भिंत मिळाली की तेच चित्र त्याच मापाने पुन्हा काढता येईल. हाताला कंप असूनही काका रोज खुर्ची टाकून समोर बसत आणि सूचना देत.

सोबत मंडळाने एक वही केली. त्यात कोणते चित्र कोणत्या साली, कोणी काढले, कशासाठी काढले याची नोंद आहे. तिथे काकांचे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ते नकोच म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांनी एकाही चित्राखाली सही केलेली नाही. “बाबांच्या पायाशी माझं नाव कशाला?”

त्यांच्या नम्रतेला आम्ही वंदन करतो, तरी त्यांच्याशी सहमत होत नाही, आणि हे त्यांना समक्ष सांगितले. ज्यांचे नाव कोणी लिहीत नव्हते त्यांची नावे लिहिण्यासाठीच बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला, ‘बहिष्कृत भारत’ काढला. नागपूरचे सवी सावरकर, विक्रोळीचे विक्रांत भिसे यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांचे काम आज कलादालनांत पोचले आहे आणि तिथे त्यांचे नाव लागते, ही अभिमानाची गोष्ट आहे. मग वस्तीतल्या पेंटरचे नाव वस्तीच्या वहीत का लागू नये? नाव नसलेले काम दुसऱ्या पिढीत कोणाचेच राहत नाही. हे ऐकून काका काही वेळ गप्प बसले. मग मुलीला म्हणाले, “बरं, वहीत लिहा. पण खळ करणारीचं लिहा, आणि शिडी धरणाऱ्या पोरांचीही लिहा.” वहीत आता नऊ नावे आहेत. छापायचे नाही म्हणून आम्ही ती इथे देत नाही. जिथे असायला हवीत तिथे ती आहेत.

आपल्या वस्तीत काय करता येईल

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येक वस्तीत असा एक तरी पेंटर होऊन गेला आहे. चाळ, झोपडपट्टी, रेल्वे वसाहत, गिरणगाव, कुठेही असो, घर बदलण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे.

विहारातल्या आणि मंडळातल्या जुन्या पाट्या, देणगीदारांचे फलक भंगारात देऊ नयेत. गंजले असतील तर निदान त्यांवरची नावे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावीत. भिंतीवरच्या चित्राचे दिवसाच्या उजेडात समोरून छायाचित्र घ्यावे आणि मापे टिपून ठेवावीत. घरातल्या जुन्या फोटोंत लग्नातल्या किंवा जयंतीतल्या माणसांच्या मागे अशी चित्रे आणि फलक पुष्कळदा दिसतात. ते फोटो काढून, त्यांच्या मागे पेन्सिलीने साल, चाळीचा नंबर आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. आजी-आजोबा असतील तर हे काम या रविवारीच करावे, पुढच्या महिन्यावर टाकू नये. नव्या इमारतीत विहाराच्या जागेची चर्चा होईल तेव्हा एक सलग भिंत चित्रासाठी राखून ठेवावी. आणि चित्र काढून घ्याल तेव्हा काढणाऱ्याचे नाव खाली लिहून घ्यावे. तो नको म्हणाला तरी लिहून घ्यावे.

जयभीम.